निळा उजेड जाऊ देणारी काच

मित्रांनो, माझ्याकडे पाहिलेत तर तुम्हाला माझ्यामागचे टेबल दिसेल, आणि ते तसेच दिसायला हवे. मी बशीएवढी, अंगठ्याएवढ्या जाडीची एक जुनी काच आहे. माझा जन्म गारगोटीपासून झाला, त्यामुळे तुमच्या घरातल्या खिडक्यांच्या काचांशी माझे नाते लांबचे आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू पुष्कळदा आनंदून जातात, हुंदके देतात. मला त्यातले काही जमत नाही. तापवले की मी किंचित फुगते, गार झाले की तेवढीच आक्रसते, आणि गारगोटीच्या काचेत हे फुगणेही नावापुरतेच असते. माझ्या मनाची हालचाल म्हणून एवढेच सांगता येईल. जे घडले ते मात्र मी नीट सांगेन.

उत्तरेकडच्या एका थंड शहरातल्या कारखान्यात निवडक गारगोट्या कुटून, धुऊन, ज्वालेत वितळवून मला घडवले. पुढचे काम घासण्याचे होते. ते करणारी बाई पन्नाशीची होती. ती मला ओल्या चाकावर घासत असे, मग दिव्यासमोर तिरकी धरून म्हणत असे, "अजून दिसतेस." असे पुष्कळ दिवस चालले. ज्या दिवशी मी तिला दिसेनाशी झाले, त्या दिवशी तिने मला कापसात गुंडाळून पेटीत ठेवले आणि पेटीवर एक टिचकी मारली. मला मिळालेली पहिली शाबासकी ती.

पेटी उघडली ती आर्मेनियात. आरागात्स डोंगराच्या उतारावर, जर्दाळूच्या बागा संपून नुसता दगड सुरू होतो तिथे, एक संशोधन केंद्र होते. जमिनीखालच्या गोल बोगद्यात पोलादी नळीचे एक मोठे कडे होते आणि त्या नळीतली हवा पंपांनी जवळजवळ सगळी काढून टाकलेली होती. त्या रिकाम्या नळीतून इलेक्ट्रॉनांचा झोत फिरत असे. इलेक्ट्रॉन म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म कण. इथे ते इतक्या वेगाने धावत, की प्रकाशाशी शर्यत लावली असती तर केसभराच्या अंतराने हरले असते. वाटेत मोठमोठी चुंबके त्यांना वळवत, आणि असे वळवले की झोत प्रकाश सांडतो. घाटात गाडी वळत असताना तिच्या दिव्यांचा उजेड जसा समोरच्या दरीत सरळ निघून जातो, तसा हा प्रकाश वळण सोडून सरळ पुढे निघत असे. त्यातला मोठा भाग क्ष-किरणांचा, माणसाला न दिसणारा, थोडा दिसणारा. त्या दिसणाऱ्या भागाचा रंग निळसर पांढरा होता. वेल्डिंगच्या ठिणगीचा असतो तसा, फक्त न थरथरणारा.

तो प्रकाश नळीच्या भिंतीला जिथे गाठत असे, तिथे एक गोल भोक ठेवले होते. त्या भोकावर तांब्याच्या कड्यात घट्ट आवळून मला बसवले. माझ्या एका अंगाला निर्वात, दुसऱ्या अंगाला हवा. काम एकच: हवा आत येऊ द्यायची नाही, उजेड बाहेर जाऊ द्यायचा.

यंत्र चालू असताना बोगद्यात कोणी थांबत नसे. तिथले किरण माणसाला घातक होते. माझ्यातून निघालेला उजेड दोन आरशांवरून वळत, जाड भिंतीतल्या एका भोकातून पलीकडच्या खोलीत जात असे. तिथे एक दुर्बीण होती. त्या खोलीला सगळे उजेडाची खोली म्हणत. प्रकाशाच्या वाटेचा एक नियम आहे: जी वाट जायला चालते ती यायलाही चालते. त्यामुळे दुर्बिणीला लागलेला डोळा मला दिसत असे आणि दुर्बीण बाजूला सरकवली की टेबलाचा एक कोपरा दिसत असे. बोलणेही त्याच भोकातून येत असे. माणसांविषयी मला जे कळले, ते बहुतेक एवढ्याच मार्गाने.

केंद्राचे प्रमुख होते ह्राच्या. वय झालेले, सडपातळ, आवाज खाली ठेवून बोलणारे. सगळे त्यांना वार्पेत म्हणत. तुम्ही उस्ताद म्हणता तसे. यंत्र उभे करणाऱ्यांपैकी आता तेच उरले होते. त्यांचा एक दंडक होता. यंत्र सुरू झाले, की कोणताही काटा पाहण्याआधी उजेड पाहायचा. दुर्बिणीतून झोताचा ठिपका दिसत असे: केवढा, कसा, किती तेजस्वी. "सुया चिकटतात, तारा गंजतात," ते म्हणत. "उजेड थेट झोतातून येतो. मध्ये कोणी नाही." मध्ये मी होते. पण हे त्यांनी कौतुकानेच म्हटले असे मी धरून चालते. खिडकीचा कुणाला विसर पडणे हीच खिडकीची कमाई.

या दंडकाचा दुसरा भाग कुणी सांगितलेला नव्हता, तरी सगळे पाळत. पहिल्यांदा वार्पेत पाहत. ते पाहून "बरा आहे" म्हणाले की झोत बरा असे. मग कॉफी उकळे. वार्पेतनी पाहिल्यानंतर पुन्हा दुर्बिणीला डोळा लावणे म्हणजे त्यांच्या डोळ्यावर शंका घेणे, असे मानले जाई. म्हणून कोणी लावत नसे.

उजेडाच्या खोलीची जबाबदारी वार्सेनिककडे होती. ती वार्पेतची विद्यार्थिनी. ठिपका कसा वाचायचा हे तिला त्यांनीच शिकवले होते, तिचा डोळा दुर्बिणीला लावून, मागे उभे राहून. तिसरा सेयरान, विजेचा अभियंता. तो पंप आणि चुंबके सांभाळत असे आणि सतत काहीतरी बडबडत असे.

चांगली वर्षे पुष्कळ गेली. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. उजेड आला, उजेड गेला.

पण प्रकाशाबरोबर क्ष-किरणही माझ्यावर आदळत होते. गारगोटी कितीही निवडक घेतली तरी काचेत बारीक दोष राहतातच. क्ष-किरण माझ्याच अणूंतले इलेक्ट्रॉन जागचे उठवत आणि ते त्या दोषांत जाऊन अडकत. असा अडकलेला इलेक्ट्रॉन निळा रंग गिळतो. एकाने काही होत नाही. वर्षानुवर्षे ते साठत गेले आणि मी मधाच्या रंगाची झाले, मग कडक चहाच्या. दुखले नाही. मला तर कळलेही नाही, कारण मी जगाकडे माझ्यातूनच पाहत होते. वार्पेतचा डोळा मला मधाच्या रंगाचा दिसे. वार्सेनिकचा, सेयरानचा, सगळ्यांचेच तसे दिसत.

तेवढ्यात आर्मेनिया ज्याचा भाग होता तो मोठा देश मोडला. आर्मेनिया वेगळा झाला, शेजारी युद्ध पेटले, रेल्वे बंद पडली, आणि वीज दिवसाकाठी तास-दोन तास येऊ लागली. लोकांनी घराघरांत पत्र्याच्या शेगड्या बसवल्या आणि त्यांची धुराडी खिडक्यांतून बाहेर काढली. बागांतली झाडे सरपणासाठी तुटली. केंद्राला पंपांपुरती थोडी वीज राखून दिली होती, पण झोत फिरवायला एका सरोवराच्या पाण्यावर चालणाऱ्या वीजघराची खास परवानगी लागे. ती क्वचित मिळे. उजेडाच्या खोलीत सगळे कोट घालून बसत. कॉफी संपली होती. भाजलेल्या जवाचे पाणी कॉफी म्हणून पीत.

टेबलाच्या कोपऱ्यावर पत्र्याचे दोन कप असत, एक वार्पेतचा आणि एक सेयरानचा. मला दोन्ही सारखेच काळे दिसत. म्हणून एके दिवशी कानावर आलेले बोलणे मला समजले नाही.

"म्हातारा हल्ली माझ्याच कपातून पितो," सेयरान हळूच म्हणाला.

"वार्पेत म्हण," वार्सेनिक म्हणाली.

"वार्पेत हल्ली माझ्याच कपातून पितात. माझा काळा, त्यांचा निळा. पंधरवडा झाला, रोज काळाच उचलतात."

"मग सांग ना त्यांना."

"काय सांगू? वार्पेत, कप खाली ठेवा, माझा आहे?"

"मग तू निळ्यातून पी."

"त्यांच्या कपातून? माझी आई ऐकेल तर जेवायला घालणार नाही. तसंही घालायला काही नाही म्हणा."

"मग ओंजळीतून पी," वार्सेनिक म्हणाली, आणि विषय संपला.

त्या शरदात यंत्र एकदा चालले. वार्पेतनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"पिवळट आहे," ते शेवटी म्हणाले. "मंद. झोत खंगलाय."

सेयरान म्हणाला की झोताची वीज मोजणारा काटा पूर्वीइतकीच वीज दाखवतोय. वार्पेत म्हणाले, "काटा माझ्याएवढा जुना आहे." त्यावर कोणी काही बोलले नाही.

बोलायला हवे होते, कारण प्रश्न आता ठिपक्यापुरता राहिला नव्हता. केंद्राला येणारी विजेची मोठी तार खालच्या गावातल्या पावाच्या भट्टीला जोडावी, असा विचार सरकारी खात्यात चालू होता. भट्टी अर्धा वेळ बंद असे आणि लोक पहाटेपासून पावासाठी रांगेत उभे राहत. तार जाणार होतीच. त्याला वार्पेतचा विरोध नव्हता. खात्याने त्यांना वेगळेच विचारले होते: झोत अजून धड आहे का? धड असेल तर यंत्र झाकून, बंदिस्त करून, चांगल्या दिवसांसाठी ठेवायचे. संपला असेल तर चुंबकांमधले तांबे काढून विकायचे. दक्षिणेच्या सरहद्दीकडे तांब्याचे ट्रक रोज जातच होते. एकदा तांबे कापले की पुन्हा ते यंत्र होणार नव्हते, हे तिघांनाही ठाऊक होते. आणि खाते दुसऱ्या कुणाचे ऐकणार नव्हते. वार्पेत काय म्हणतात, एवढेच.

वार्सेनिकने सगळे जीवन त्या खोलीत घालवले होते. ती रडली वगैरे नाही. झोत अजून फिरत होता तोवर तिने कपाटातून रंगीत काचा काढल्या.

"वार्पेत, एकदा या लाल काचेतून बघता?"

ते वाकले. "दिसतोय. बरा दिसतोय."

"आता निळ्यातून."

"काही नाही. काळोख."

"म्हणजे लाल येतोय, निळा अडतोय," ती म्हणाली. "झोत खंगला असता तर लाल आणि निळा, दोन्ही सारखेच कमी झाले असते. फक्त निळा गेलाय. म्हणजे वाटेत कोणीतरी निळा खातंय. खिडकी तपकिरी झाली असणार."

"तर्क बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तेवढंच कारण आहे हे कशावरून? दोन आजार एकदम असू शकतात."

"मग एक बरा करून बघू."

"नवी काच कुठून आणणार? तो कारखाना आता परदेशात आहे."

"नवी नको. हीच भाजते."

सेयरानने नळीचा तेवढा भाग झडपांनी बंद केला, हवा आत सोडली आणि मला कड्यातून काढले. त्याने मला पांढऱ्या रुमालावर ठेवले तेव्हा तिघेही माझ्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षे मी कुणाला दिसले नव्हते. आता सगळ्यांना दिसत होते: चहासारखी तपकिरी, मध्यभागी अधिक गडद. त्या कारखान्यातल्या बाईची आठवण झाली असे मी म्हणाले असते, पण काचेला आठवण असते ती एवढीच, रंगाची.

केंद्राच्या मोठ्या भट्टीला वीज नव्हती. म्हणून वार्सेनिकने मला कोटाच्या आत धरून घरी नेले.

तिच्या घरात एकाच खोलीत शेगडी होती आणि सगळे जगणे त्या खोलीत आलेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सेयरान एक पोते घेऊन आला. त्यात लाकडाचे घडीव तुकडे होते.

"सभागृहातल्या खुर्च्या," तो म्हणाला. "पुढची रांग. पाहुण्यांची."

"विचारलंस कुणाला?"

"पाहुण्यांना विचारायला हवं होतं. कोणी आलेच नाहीत." त्याने खिशातून एक लहान बाटली काढली. "आणि ही तुतीची दारू. आजोबांच्या झाडाची. काच पुसायला स्पिरिट नाही म्हणालीस."

बोटांच्या घामात मीठ असते, आणि ते राहिले तर आचेत काचेवर कायमचे डाग उठवते. म्हणून तिने मला त्या दारूने पुसले, मग उकळून गार केलेल्या पाण्याने, मग पुन्हा दारूने. सेयरान बघत होता.

"ती पिते आणि मी बघतो," तो म्हणाला. "दिवस असे आलेत."

"घोटभर घे की."

"नको. तिलाच लागेल. तिला बरं व्हायचंय." थोड्या वेळाने तो म्हणाला, "आमच्याकडे लोक शेगडीत बटाटे ठेवतात, वार्सेनिक जान."

"तुझ्याकडे बटाटे आहेत?"

"असते तर इथे कशाला आलो असतो?"

तिने मला मातीच्या रश्श्याच्या भांड्यात ठेवले, झाकण लावले, फटी ओल्या मातीने लिंपल्या, म्हणजे राख आत येणार नाही. भांडे निखाऱ्यांत पुरले. पाहुण्यांच्या खुर्च्या एकेक करून आत गेल्या. माझ्यातले अडकलेले इलेक्ट्रॉन उष्णतेने सुटले आणि आपापल्या जागी परतले. इतक्या वर्षांचे जे काही साठले होते ते एका दुपारीत गेले. मला हलके वाटले नाही. वजन तेवढेच होते.

संध्याकाळी भांडे गार झाल्यावर वार्सेनिकने झाकण फोडले. तिने आत पाहिले, मग हात घालून चाचपले, कारण आत काही आहे असे दिसत नव्हते. तिची बोटे थंडीने इतकी बधिर झाली होती की मी हाताला लागले हेही तिला पटकन कळले नाही.

मला पुन्हा कड्यात बसवले. पंपांनी हवा काढायला बराच काळ घेतला. हिवाळा उतरताना खात्याने एका सकाळपुरती वीज दिली आणि आपला माणूस पाठवला. दोन कोट एकावर एक घातलेला, थकलेला, सभ्य माणूस. तो खालच्या भट्टीवरूनच आला होता.

झोत फिरू लागला. माझ्यातून उजेड गेला.

आता मी काय पाहिले ते सांगते. दुर्बीण अजून बाजूला होती. टेबलाच्या कोपऱ्यावरचे दोन कप मला पहिल्यांदाच वेगवेगळे दिसले: एक काळा, एक शाईसारखा निळा. मग दुर्बीण जागेवर आली आणि तिला वार्पेतचा डोळा लागला. बाकी सगळ्या जगावरचा मधाचा रंग गेला होता. त्या बाहुलीतला गेला नव्हता.

"तसाच आहे," वार्पेत म्हणाले. "पिवळट. काच साफ झाली, ठिपका नाही बदलला." त्यांचा आवाज सपाट होता. "मी म्हटलं होतं, दोन आजार असू शकतात."

खात्याचा माणूस हलक्या आवाजात म्हणाला, "मग मी तसं कळवू?"

दुर्बीण तिथेच होती. वार्सेनिकने अजून डोळा लावलेला नव्हता. वार्पेतनी पाहिले होते, म्हणजे पाहून झाले होते.

"सेयरान, तू बघ," ती म्हणाली.

"वार्पेतनी बघितलंय ना," सेयरान म्हणाला.

"मी म्हणते म्हणून बघ."

"वार्सेनिक जान, आता कशाला."

मग जवाचे पाणी ओतल्याचा आवाज आला. दुर्बीण सरकवली गेली होती, त्यामुळे मला कोपरा दिसला. दोन्ही कप भरलेले, वाफ येत असलेले.

"वार्पेत, घ्या," वार्सेनिक म्हणाली. "तुमचा कप."

त्यांच्या हाताने काळा कप उचलला.

"तो सेयरानचा आहे," ती म्हणाली.

"माझा निळा."

"हो."

"हा निळा नाही?"

वार्पेतनी दुसरा कपही उचलला आणि दोन्ही हातांत दोन कप धरून ते खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात गेले असावेत, कारण कोपरा रिकामा झाला. ते परत यायला वेळ लागला.

"केव्हापासून?" त्यांनी विचारले.

सेयरान म्हणाला, "शरदापासून तरी, वार्पेत. मला वाटलं, तुम्हाला माझा आवडला."

"तू बोलला नाहीस."

"कप तर कप. त्यात काय बोलायचं?"

वार्पेत खुर्चीत बसले. त्यांनी निळी काच मागितली, दुर्बिणीपुढे धरली आणि डोळा लावला. तो मधाच्या रंगाचा डोळा माझ्यासमोर होता आणि माझ्यातून सगळा निळा उजेड त्याच्यावर पडत होता. त्याच्या आत काही जात नव्हते. माझ्या बाबतीत जे क्ष-किरणांनी केले ते त्यांच्या डोळ्यात वयाने केले होते. आणखी काही कारण शोधायची गरज नाही.

"काळोख," ते म्हणाले. मग बाजूला झाले. "वार्सेनिक, तुला काय दिसतं?"

तिचा डोळा आला. स्वच्छ होता. "निळं," ती म्हणाली.

"माझ्यासाठी बोलू नकोस."

"निळं आहे, वार्पेत. काठ धारदार आहेत. तुम्ही मला पहिल्यांदा दाखवला होता तसा."

"सेयरान."

सेयरान पुढे आला. तो आल्यावर नेहमी काहीतरी बोलत असे; या वेळी त्याने आधी एक डोळा लावला, मग दुसरा. "डोळे दिपतील इतकं," तो म्हणाला.

"साहेब, तुम्हीही बघा," वार्पेत म्हणाले. "तुमचे डोळे आमच्यापैकी कुणाचे मिंधे नाहीत."

खात्याच्या माणसाने पाहिले. "वेल्डिंगसारखं दिसतंय," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "मी काय कळवू?"

"कळवा, की झोत ठणठणीत आहे," वार्पेत म्हणाले. "तार भट्टीला द्या, लोकांना पाव हवाय. तांब्याला हात लावू नका." थोडे थांबून म्हणाले, "आणि कळवा, की जो बघत होता त्याला मोतीबिंदू झालाय. ह्यापुढे हिला विचारा."

"ते कळवायची जरूर नाही," तो माणूस म्हणाला.

"आहे. नाहीतर पुढचा माणूस पुन्हा मलाच विचारेल."

त्या सकाळी वीज तोडायची वेळ येईपर्यंत यंत्र चालू ठेवले. सेयरानने आळीपाळीने सगळ्यांना बोलावले: पंपवाल्यांना, पहारेकऱ्याला, झाडणाऱ्या बाईला. इतके डोळे मी एका दिवसात कधी पाहिले नव्हते. वार्पेत खुर्चीत बसून राहिले आणि प्रत्येकाला विचारत राहिले, "कसा आहे?" आणि प्रत्येक जण सांगत राहिला. मग काटे शून्यावर आले.

तार खाली गेली. भट्टी चालू झाली. नळीतली निर्वात पोकळी टिकावी म्हणून माझ्या जागी पोलादाची आंधळी तबकडी बसवली, कारण थंडीत काचेचा सांधा ढिला पडण्याची भीती असते. मला मिठाईच्या एका जुन्या डब्यात कापसात ठेवून वार्सेनिकने घरी नेले. यंत्र मेले म्हणून बंद झाले नाही. जिवंत असताना बंद झाले. बाहेरून पाहणाऱ्याला यात फरक दिसत नाही. तांबे जागेवर आहे, एवढाच तो फरक आहे.

वार्पेतच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया लगेच होऊ शकली नाही. रुग्णालयातही वीज नव्हती. आणखी हिवाळे गेले. मग एका सकाळी ते वार्सेनिककडे आले, काखेत भट्टीतला गरम पाव घेऊन.

"तुझ्या भिंती निळ्या आहेत," ते दारातूनच म्हणाले.

"पहिल्यापासून."

"मी राखी समजत होतो. इतकी वर्षं मनात म्हणत होतो, बिचारीनं काय रंग निवडलाय." ते बसले. "यंत्र?"

"झाकलेलं आहे. वीज अजून नाही."

"माहीत आहे. सहज विचारलं."

तिने डबा आणला. त्यांनी मला कडेने धरले, बोटे न लावता, आणि खिडकीशी जाऊन आकाशासमोर डोळ्याला लावले. इतक्या जवळून त्यांचा डोळा मी पहिल्यांदाच पाहिला. आत काही अडत नव्हते. मसिस पर्वतावरचे सगळे आकाश माझ्यातून त्याच्यात जात होते.

"निळं आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण हे आपलं नाही."

"नाही."

"आपलं कसं होतं त्या दिवशी?"

तिने विचार केला. "याहून पांढरं. आणि हलत नव्हतं."

"सेयरान काय म्हणाला होता?"

"डोळे दिपतील इतकं."

"सेयरान वाढवून सांगतो."

"त्या दिवशी नाही सांगितलं," वार्सेनिक म्हणाली.

त्यांनी मला परत कापसात ठेवले. केंद्रातून घरी आणलेल्या त्याच दोन कपांत तिने कॉफी ओतली. त्यांनी स्वतःचा कप बरोबर उचलला, त्याच्या निळ्या कडेकडे पाहत राहिले, आणि कॉफी गार होईपर्यंत प्यायले नाहीत.

पुढच्या शरदात ते गेले. यंत्र तोवर सुरू झाले नव्हते. मी अजून त्याच डब्यात आहे, यंत्र अजून त्याच बोगद्यात. यंत्र पुन्हा चालेल का, हे मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्याविषयी मी काही वाटून घेत नाही.

मित्रांनो, माझी विनंती लहान आहे. कोणतीही गोष्ट संपली असे ठरवण्याआधी, ज्या काचेतून तिच्याकडे पाहता ती काच एकदा काढून पांढऱ्या रुमालावर ठेवा. मोठ्यांनी पाहून झाले तरी तुम्हीही एकदा पाहा. त्यात त्यांचा अपमान नाही. आणि तुमच्या घरातले कोणी वडीलधारे निळ्याऐवजी काळा कप उचलू लागले, तर मान राखायचा म्हणून गप्प बसू नका. त्यांना सांगा. त्यांना जे पाहायचे आहे ते चालू आहे, तोवरच सांगा.